ब्रिटनहून युरोपात मोटारीने जाताना: स्वतःची गाडी न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी?

ब्रिटनमध्ये राहणारी मराठी कुटुंबे फ्रान्स, जर्मनी किंवा ऑस्ट्रियाच्या सहलीचा विचार करू लागली, की दारातली गाडी घेऊन निघावे की तिकडे पोहोचून भाड्याची घ्यावी, हा प्रश्न हमखास निघतो. बरेच जण परदेशी कायद्याने सक्तीच्या केलेल्या साहित्याची यादी वाचूनच स्वतःच्या गाडीचा नाद सोडतात. माझ्या मते ही यादी निर्णयाचे कारण होऊ नये, कारण तीतल्या बहुतेक वस्तू स्वस्त असतात आणि एकदा घेतल्या की वर्षानुवर्षे चालतात. निर्णय ठरवायचा तो ऋतू, टायर आणि चालकाचा परवाना पाहून.

तरीही आधी साहित्याचे पाहू. फ्रान्समध्ये प्रत्येक मोटारीत धोक्याची सूचना देणारा परावर्तक त्रिकोण आणि परावर्तक जाकीट असावे लागते. जाकीट डिकीत ठेवून उपयोग नाही, कारण ते अंगावर चढवूनच चालकाने गाडीबाहेर पाय ठेवावा, असा नियमाचा हेतू आहे. ते चालकापुरते न घेता प्रत्येक प्रवाशासाठी घ्यावे. महामार्गाच्या कडेला अंधारात मुलांना घेऊन उभे राहायची वेळ आली, तर त्याचे मोल कळते. ऑस्ट्रियात त्रिकोण आणि जाकीट यांच्या जोडीला प्रथमोपचार पेटीही सक्तीची आहे. श्वासातील मद्य तपासण्याचे यंत्र फ्रान्समध्ये बाळगावे लागते, असे अजूनही सांगितले जाते, परंतु ती अट २०२० मध्येच रद्द झाली आहे. गाडीच्या मागे ‘यूके’ अक्षरांचा स्टिकर लागतो, कारण ‘जीबी’चा जुना स्टिकर २८ सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही. नंबरप्लेटवरच ‘यूके’ ही अक्षरे असतील, तर बहुतेक देशांत वेगळा स्टिकर लागत नाही. स्पेनमध्ये मात्र तो तरीही लावावा लागतो.

खरी काळजी घ्यावी ती हेडलाइटची. ब्रिटनमधील गाड्यांचा खालचा प्रकाशझोत डावीकडे किंचित वर उचललेला असतो. युरोपात वाहतूक उजव्या बाजूने चालते, त्यामुळे हाच झोत थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. जुन्या गाड्यांच्या काचेवर झोत वळवणाऱ्या पट्ट्या चिकटवता येतात, तर अनेक नव्या गाड्यांत हा बदल स्क्रीनवरील मेनूतून करता येतो. आपल्या गाडीत यांतले काय आहे, हे माहितीपुस्तिकेत पाहून घरीच ठरवावे.

भाड्याच्या गाडीत हेडलाइटचा प्रश्नच उरत नाही, आणि ज्या देशात ती नोंदलेली असते, तिथले सक्तीचे साहित्य तीत सहसा असते. स्पेनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून तिथे नोंदलेल्या गाड्यांना त्रिकोणाऐवजी छतावर ठेवायचा व्ही-१६ दिवा लागतो. भाड्याच्या गाडीत त्याची तजवीज कंपनी करते. मात्र ‘साहित्य आहे’ या शब्दावर विसंबू नये, कारण जाकीट पुष्कळदा एकच असते. गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून पाहावी आणि गाडी शेजारच्या देशात नेण्याची परवानगी लेखी घ्यावी. सीमा ओलांडल्यावर त्या देशाचे नियम पाळण्याची जबाबदारी चालकाचीच असते. स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या गाडीवर तिथल्या महामार्गांचे ४० फ्रँकचे वार्षिक विन्येट, म्हणजे महामार्गाचा कर भरल्याची खूण, असते, पण ऑस्ट्रियाचे विन्येट वेगळे घ्यावे लागते.

कागदपत्रांच्या बाबतीत स्वतःच्या गाडीचे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. २ ऑगस्ट २०२१ पासून युरोपीय संघात ब्रिटिश गाडीला विम्याचे ग्रीन कार्ड लागत नाही. परंतु ब्रिटिश विमा तिथे आपोआप देतो ते केवळ कायद्याने आवश्यक असलेले किमान संरक्षण, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीपुरते. आपली गाडी आपटली तर काय, हे पॉलिसीत स्पष्ट नसेल, तर विमा कंपनीला विचारून घ्यावे. सोबत व्ही-५-सी नोंदणीपत्राची मूळ प्रत हवी, आणि गाडी लीजवर असेल तर त्याऐवजी व्हीई-१०३ प्रमाणपत्र.

गाडी बंद पडण्याची भीती मला साहित्याच्या भीतीपेक्षा रास्त वाटते. फ्रान्सच्या टोल महामार्गावर आपण आपल्या सेवा कंपनीची, बंद गाडी ओढून नेणारी गाडी बोलावू शकत नाही. कडेच्या नारिंगी फोनवरून किंवा ११२ वर कळवावे लागते आणि त्या पट्ट्यासाठी नेमलेला ठेकेदारच गाडी हलवतो. त्याचे पैसे भरून पावती जपावी आणि नंतर युरोपीय ब्रेकडाउन कव्हरमधून, म्हणजे गाडी बंद पडल्यास मिळणाऱ्या विमा संरक्षणातून, परत मागावे. हे कव्हर नसेल, तर जुनी गाडी घेऊन आल्प्सपर्यंत जाऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन. भाड्याच्या गाडीत हा भार बव्हंशी कंपनीवर असतो, मात्र तिथे ओरखड्याचा वाद आणि क्रेडिट कार्डावर अडकणारी मोठी अनामत असते.

भारत आणि ब्रिटन या दोन्ही देशांत वाहतूक डावीकडून चालत असल्यामुळे, उजव्या बाजूने चालवण्याची सवय आपल्यापैकी फार थोड्यांना असते. स्वतःच्या गाडीत गिअर, आरसे आणि गाडीच्या रुंदीचा अंदाज हातात बसलेला असतो, पण दुपदरी रस्त्यावर पुढची गाडी ओलांडताना समोरचे दिसत नाही, आणि टोलचे यंत्र डावीकडे म्हणजे शेजारी बसलेल्याच्या बाजूला येते. टोलचा टॅग आधी मागवला, तर ही दुसरी अडचण मिटते. पॅरिस ते नॉर्मंडी या ए-१३ आणि ए-१४ महामार्गांवर नाकेच उरलेले नाहीत. तिथला टोल ७२ तासांत ऑनलाइन भरावा लागतो.

परवान्याचा मुद्दा आपल्या लोकांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. भारतीय परवान्यावर ब्रिटनमध्ये वास्तव्याचे पहिले १२ महिनेच चालवता येते, म्हणून अनेकांचा ब्रिटिश परवाना अगदी ताजा असतो, आणि भाड्याने गाडी देणाऱ्या बऱ्याच कंपन्या परवाना किमान वर्षभराचा मागतात. अशा व्यक्तीसाठी स्वतःची गाडी हाच सरळ मार्ग ठरतो, अर्थात विमा कंपनीची हरकत नसेल तर. सामान आणि मुलांच्या सीट यांचा विचार केला, तरीही तोल स्वतःच्या गाडीकडे झुकतो. एवढेच, की ब्रिटनमधून युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत. शिदोरीत तूप आणि पनीर ठेवू नये.

उन्हाळ्यात मुले किंवा वयस्क आईवडील यांच्यासह दहा-पंधरा दिवस फ्रान्स, बेल्जियम, जर्मनी फिरायचे असेल, तर मी स्वतःची गाडीच नेईन. फोकस्टन ते कॅले हा बोगद्यातून ३५ मिनिटांचा आणि डोव्हरहून बोटीने सुमारे दीड तासाचा प्रवास आहे. एलपीजीवर चालणारी गाडी बोगद्यातून नेता येत नाही.

हिवाळ्यात मात्र माझे मत उलटते. ब्रिटनमधील बहुतेक गाड्या बारा महिने उन्हाळी टायरवर चालतात आणि १.६ मिलिमीटर खोलीची नक्षी तिथे कायदेशीर असते. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिलदरम्यान रस्ता बर्फाळ असेल तर हिवाळी टायर लागतात आणि त्यांची नक्षी किमान ४ मिलिमीटर हवी. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून पर्वत आणि हिमकण यांचे चिन्ह असलेलेच टायर हिवाळी मानले जातात. फ्रान्सच्या ठरावीक डोंगराळ भागांत १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात असे टायर किंवा चाकांवर चढवायच्या साखळ्या बाळगाव्या लागतात. एका आठवड्याच्या सहलीसाठी चार टायर बदलण्यापेक्षा म्युनिक किंवा साल्झबुर्गला विमानाने उतरून गाडी भाड्याने घ्यावी, आणि आरक्षण करतानाच हिवाळी टायरची अट लेखी नमूद करून घ्यावी.