मायक्रॉन ५ : काही महिने वापरल्यानंतर

माझी लेक रोटॅक्स ज्युनिअर मॅक्स या वर्गात रेसिंग कार्ट (छोटी, उघडी शर्यतीची गाडी) चालवते. सराव कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर. तिच्या स्टिअरिंगवर एआयएम या इटालियन कंपनीचं मायक्रॉन ५, म्हणजे लॅपची वेळ आणि गाडीचा डेटा नोंदवणारं यंत्र, लावून आता काही महिने झाले. पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या तयार करायच्या जागेत) बरेच पालक "घ्यावं का?" असं विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

आत जीपीएस आहे, ते सेकंदाला १० वेळा जागा आणि वेग नोंदवतं. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) आणि इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान वेगळ्या वायरींवरून येतं. सेशन संपलं की वाय-फायवरून डेटा लॅपटॉपवर घ्यायचा आणि रेस स्टुडिओ ३ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ उघडायचे. एवढं कोणालाही जमतं.

पण बहुतेक जण बेस्ट लॅप (सगळ्यात वेगवान फेरी) बघतात आणि लॅपटॉप मिटतात. समजा, एकाची बेस्ट लॅप ४८.२ आणि सरासरी ४९.१ सेकंद, दुसऱ्याची बेस्ट ४८.५ आणि सरासरी ४८.७. १५ लॅपच्या शर्यतीत दुसरा ६ सेकंद आधी पोचतो! म्हणून आमच्या वहीत बेस्टच्या शेजारी लॅपचा मध्यक (वेळा चढत्या क्रमाने लावल्या की मधोमध येणारी) आणि त्या दोघांतला फरक लिहिलेला असतो. सरासरीऐवजी मध्यक, कारण एखादी लॅप स्पिन झाली तरी तो फारसा हलत नाही. टायर गरम होईपर्यंतच्या लॅप आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या लॅप वगळतो. कुठली लॅप वगळायची हा नियम मात्र सेशनच्या आधी ठरलेला हवा, नाहीतर नकोशी प्रत्येक लॅप ट्रॅफिकची ठरते.

खरा उपयोग यानंतर सुरू झाला. ट्रॅकचे सेक्टर (तुकडे) पाडून प्रत्येकातली वेळेची चढउतार वेगळी काढली, तर जवळजवळ सगळी एकाच ठिकाणी सापडली: सरळीनंतरच्या हेअरपिनमध्ये (जवळजवळ उलटं फिरवणाऱ्या वळणात). बाकी ट्रॅकवर लेक लॅपमागून लॅप तेच करत होती. हेअरपिनचे वेगाचे ग्राफ एकावर एक ठेवले. सगळ्यात कमी वेग प्रत्येक लॅपला साधारण तेवढाच, पण तो येण्याची जागा पुढेमागे सरकत होती. तो उशिरा आला की थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) उशिरा, आणि मग पुढच्या अख्ख्या सरळीवर तोटा.

आरपीएमने त्याहून जास्त सांगितलं. कार्टला डिफरन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं, मागचा एक्सल सलग असतो. त्यामुळे वळणात आतलं मागचं चाक किंचित उचललं जावं लागतं. ते लवकर खाली टेकलं की दोन्ही चाकं एकमेकांना ओढतात आणि इंजिन दबतं. वाईट लॅपमध्ये वळणातून बाहेर पडताना आरपीएमला नेमका खड्डा दिसत होता. कुंपणाशी उभं राहून हे दिसत नाही. मी ब्रेक लावण्याच्या खुणेबद्दल बोलत होतो, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, लावताना नाही, सोडताना गडबड होते माझी." ग्राफमधला वेग कमी होण्याचा उतार पुन्हा पाहिला. तिचंच बरोबर होतं.

मग काही सेशन फक्त ब्रेक हळूहळू सोडण्यावर दिली. लॅप चालू असताना तिची अंदाजे वेळ दाखवणारं मायक्रॉनच्या स्क्रीनवरचं पान त्या काळात बंद ठेवलं. पुढे दिसणाऱ्या आकड्याच्या मागे लागलं की हात घाईचे होतात, असं माझं ठाम मत आहे. आधी लॅपमधला फरक आटला, बेस्ट लॅप त्यानंतर सुधारली.

मोजमापाच्या मर्यादाही लक्षात ठेवा. ताशी ७२ किलोमीटरला कार्ट सेकंदात २० मीटर जातं, म्हणजे सेकंदाला १० नोंदी धरल्या तर दोन नोंदींमध्ये २ मीटरचं अंतर. वळणातली गाडीची रेषा फूटभर आत होती की बाहेर, यावर या डेटावरून वाद घालू नका. सकाळचं सेशन दुपारच्या सेशनशी ताडून बघण्यातही अर्थ नाही; डांबर तापतं, ट्रॅकवर रबर बसतं, टायरचं प्रेशर चढतं. प्रेशर थंड असताना आणि उतरल्याबरोबर गरम असताना, दोन्ही वेळा हाताने मोजून वहीत लिहावं लागतं. आणि एका वेळी एकच बदल: स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) आणि प्रेशर एकदम बदललं, तर ग्राफ कशाचा आहे ते कळणारच नाही.

स्वतःचं कार्ट असेल आणि सेशननंतर अर्धा तास ड्रायव्हरसोबत बसायची तयारी असेल, तर घ्या. भाड्याच्या कार्टवर चालवणाऱ्यांनी एवढा खर्च करू नये. तिथे दर वेळी कार्ट वेगळं मिळतं, आणि ट्रॅकवाले लॅपच्या वेळांचा जो कागद देतात, त्यावरून मध्यक आणि फरक पेन्सिलीनेही निघतो.