‘आधी त्या गोळ्या बंद करा’

२७ वर्षे फळ्यासमोर उभे राहून शिकवल्यानंतर माझ्या डाव्या पोटरीवर निळसर, गाठीगाठींच्या शिरा उठल्या आणि २०२२ च्या पावसाळ्यात साताऱ्यातील एका शल्यचिकित्सकांनी डॉप्लर तपासणी (शिरांतील रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करून व्हेरिकोज व्हेन्सचे, म्हणजे फुगलेल्या शिरांच्या आजाराचे, निदान केले. पायातून वर चढणारे रक्त माघारी येऊ नये म्हणून शिरांच्या आत झडपा असतात. माझ्या घोट्यापासून मांडीपर्यंत जाणाऱ्या मोठ्या शिरेतील झडपा निकामी झाल्यामुळे रक्त खाली साचत होते. डॉक्टरांनी डायोस्मिन ४५० मिलिग्रॅम आणि हेस्पेरिडिन ५० मिलिग्रॅम असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत घेण्यास सांगितले, सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच चढवायचे घट्ट दाबाचे मोजे दिले आणि बिघडलेली शीर आतून बंद करणाऱ्या लेझर उपचाराचा निर्णय उन्हाळ्याच्या सुटीत घेऊ असे ठरले.

दीड-दोन महिन्यांत संध्याकाळचा जडपणा आणि घोट्याची सूज स्पष्टपणे कमी झाली. शिरा मात्र जशा होत्या तशाच दिसत राहिल्या, आणि मी रोज रात्री पाय पाहून खट्टू होत असे. या गोळ्या शिरेच्या भिंतीचा घट्टपणा सुधारतात, सूज आणि ठणका कमी करतात, पण बिघडलेली झडप दुरुस्त करत नाहीत किंवा फुगलेली शीर नाहीशी करत नाहीत, हे मी विचारलेच नव्हते. महिन्याला बाराशेच्या आसपास खर्च येत होता. मार्चच्या उन्हात मोजे नकोसे झाले, आधी संध्याकाळची गोळी चुकू लागली, मग सकाळचीही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे घडले ते याच ढिलाईमुळे सोपे झाले.

मार्च २०२३ मध्ये एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत असताना पन्नाशीची, नीटनेटकी साडी नेसलेली एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली. “ताई, माझ्या जाऊबाईंचे पायही अगदी असेच होते हो,” असे म्हणून तिने माझ्या पायाकडे इतक्या मायेने पाहिले की मला संशय आला नाही. जाऊबाईंनी किती डॉक्टर केले, शेवटी कोणत्या वैद्यांच्या औषधाने ४० दिवसांत शिरा विरघळल्या, हे सारे सांगून तिने एका जडीबुटीच्या दुकानाचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. पैशाचा शब्दही काढला नाही, आणि त्यामुळेच माझा विश्वास बसला.

दुकानातील माणसाने पाय पाहिला, चार वस्तू कागदावर लिहिल्या आणि शेवटच्या भस्माचा भाव ‘बेचाळीस’ असा सांगितला. शेजारी वजने तोळ्यात बोलली जात होती, म्हणून मी तो तोळ्याचा, म्हणजे दहा ग्रॅमचा, भाव समजले. ३०० ग्रॅम भस्म आणि बाकीच्या मुळ्या त्याने माझ्यासमोर एकत्र दळल्या आणि मग १३,४४० रुपयांचा हिशेब पुढे केला. भाव ग्रॅमचा होता. माझ्या समजुतीप्रमाणे सगळे मिळून २,१०० रुपये झाले असते. दळलेली पूड परत घेता येत नाही, असे तो शांतपणे म्हणाला, आणि चार गिऱ्हाइकांसमोर वाद घालण्याची लाज वाटून मी पर्समधील ३,००० रुपये रोख व उरलेले मोबाइलवरून एका व्यक्तीच्या खात्यावर दिले.

पैशापेक्षा मोठे नुकसान त्याने निघताना घातलेल्या अटीने केले. “आधी त्या गोळ्या बंद करा आणि मोजे काढून टाका, नाहीतर औषध लागू पडणार नाही, उलटेल,” असे त्याने बजावले. मला त्या दोन्ही गोष्टींचा कंटाळा आलाच होता. त्या सोडायला कोणीतरी परवानगी दिली, असेच मला वाटले. महिनाभरात सूज वाढली, तेव्हा ‘दोष बाहेर पडतो आहे’ असे उत्तर मिळाले. घोट्याच्या वरची कातडी काळपट होऊन खाजू लागली, तेव्हा मी वांगे किंवा दही खाल्ले असणार, पथ्य मोडले असणार, असे तो म्हणाला. मी खरोखर एकदा दही खाल्ले होते, म्हणून दोष माझाच मानून मी आणखी ९,२०० रुपयांची पूड आणली. घरी यजमानांना यातले काही कळू दिले नाही, आणि डॉक्टरांकडे तर तोंड दाखवायचीही भीती वाटत होती.

जुलैमध्ये आतल्या घोट्याजवळ खाजवल्याने ओरखडा उठला आणि तो भरेना. तीन आठवड्यांत रुपयाएवढी ओली जखम झाली, तेव्हा यजमानांनीच मला दवाखान्यात नेले. डॉक्टर रागावले नाहीत; त्यांनी पूड पाहायला मागितली, आणि पुडीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख यांपैकी काहीच नसल्यामुळे त्यांनी यकृत, मूत्रपिंड आणि रक्तातील शिसे यांच्या तपासण्या करायला लावल्या. त्या सुदैवाने ठीक निघाल्या. जखम भरण्यासाठी मात्र दर आठवड्याला अनेक पदरी घट्ट बँडेज बांधून घ्यावे लागले आणि नोव्हेंबर उजाडला. त्यानंतर लेझर झाले, जे मे महिन्यातच एका दिवसात आटोपले असते. आमच्या नात्यातील एक पदवीधर वैद्य आहेत. निनावी पूड देऊन चालू उपचार बंद करायला सांगणाऱ्याला आपण वैद्यच मानत नाही, असे ते म्हणाले.

तक्रार करायला गेलो तेव्हा दुकानाच्या गाळ्याला कुलूप होते आणि फोन बंद होता. पावतीच्या जागी माझ्याकडे केवळ आकडे लिहिलेला कागद होता. ऑनलाइन दिलेल्या पैशाची फसवणूक ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवली तर रक्कम गोठवण्याची शक्यता असते. मला चार महिने उलटून गेले होते. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज लिहिताना एका ओळखीच्या औषधविक्रेत्यांनी मला १९४५ च्या औषध नियमांतील ‘जे’ अनुसूची दाखवली. कोणते आजार बरे करण्याचा दावा औषधाच्या नावाने करता येत नाही, त्यांची ती यादी आहे, आणि व्हेरिकोज व्हेन्सचे नाव तिच्यात छापलेले आहे. ते वाचताना मला रडू आले.

पैसे परत मिळालेले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले मोजे मी वापरते, इलॅस्टिक सैल पडले की नवे घेते, आणि एखादे औषध नकोसे झाले तर ते का नकोसे झाले हे त्यांनाच जाऊन सांगते. एकदा त्यांनी दोन वेळांऐवजी एकच वेळ बसवून दिली, तर कधी मोज्याचे माप बदलले.

गेल्या आठवड्यात कोरेगावच्या एका सहकारी शिक्षिकेने सांगितले की तिच्या आईच्या शेजारी स्टँडवर एक बाई येऊन बसली आणि तिच्या जाऊबाईंचे पायही असेच होते, असे म्हणाली. चिठ्ठी आईच्या पर्समध्ये आहे आणि दुकानात जायचे रविवारी ठरले होते. मी आईंशी फोनवर बोलले आहे, पण तशी चिठ्ठी आणखी कोणाकोणाच्या पर्समध्ये असेल, म्हणून हे आजच लिहिले.