जुन्या अंकांच्या डिजिटल संग्रहाची वर्गणी : काही महिने वापरल्यानंतर

आमची सोसायटी पुण्याच्या सहकारनगरातली, पानशेतच्या पूरग्रस्तांनी उभी केलेली. स्मरणिकेसाठी १९६१ सालच्या बातम्या हव्या होत्या, म्हणून एका मराठी दैनिकाच्या संग्रहाची वार्षिक वर्गणी भरली. पावसाळ्यापासून तो जवळपास रोज उघडते आहे.

स्कॅनिंग उत्तम आहे आणि अख्खं पान दिसतं, हे सगळ्यात महत्त्वाचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं. त्यानंतरच्या अंकांत मी मथळ्यांपेक्षा आतल्या छोट्या जाहिरातींत जास्त गुंतले. नदीकाठच्या पेठेतलं दुकान आता तात्पुरतं कुणाच्या जागेत भरतंय, अशी चार ओळींची सूचना असते. त्यावरून कोण कुठे हललं ते कळतं. नुसता बातम्यांचा मजकूर दिला असता तर हे सगळं गेलं असतं.

शोधाची सोय मात्र फार कच्ची. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधी ‘पुणें’, ‘धरण फुटलें’ असं छापत. आजच्या पद्धतीने टाइप केलं की त्यातलं काहीच सापडत नाही. ‘पूरग्रस्त’सारख्या शब्दातली जोडाक्षरं यंत्राने भलतीच वाचलेली. अनुस्वार देऊन आणि न देता, दोन्ही रूपं टाकून बघा. तारीख माहीत असेल तर सरळ तारखेनेच जा. काही अंकांची मधली पानं गायब आहेत. त्याबद्दल कळवलं तर दर वेळी तेच छापील उत्तर येतं. आणि आठवडाभराचं काम असलं तरी वर्षाचेच पैसे भरावे लागतात, हे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने अन्यायाचं आहे.

पैसे घ्यावेत का? घ्यावेत. पिवळे पडून तुकडे होणारे अंक एकेक पान उलटून स्कॅन करायचे, सर्व्हर चालवायचे, याला खर्च येतो. पण ही किंमत कामाची असावी, मजकुराच्या मालकीची नव्हे. आपल्या कायद्याप्रमाणे निनावी मजकुराचा कॉपीराइट प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. म्हणजे पुराच्या बिननावाच्या बातम्या २०२२ पासून सगळ्यांच्या झाल्या आहेत. एवढे जुने अंक वाचायला तरी खुले हवेत. मोठ्या आकारातली प्रत, नेमका शोध, अलीकडची वर्षं यांसाठी खुशाल शुल्क लावा.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘ट्रोव्ह’वर जुनी वर्तमानपत्रं मोफत आहेत आणि यंत्राने चुकीचा वाचलेला मजकूर वाचकच दुरुस्त करतात. पुण्यात हे काम आनंदाने करणारी निवृत्त मंडळी प्रत्येक वाचनालयात भेटतील. ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’ पैसे घेतं, पण ब्रिटिश लायब्ररीच्या वाचनकक्षात बसून ते फुकट पाहता येतं. पुणे नगर वाचन मंदिरासारख्या संस्थांना अशीच जोडणी मिळाली, तर वर्गणी न परवडणाऱ्याचं काम अडणार नाही.

मी मुदत वाढवणार आहे, कारण पुनर्वसनाच्या बातम्यांसाठी १९६२ चे अंक अजून पाहायचे आहेत. नव्याने घेणाऱ्यांनी आपल्याला हव्या त्या महिन्यांचे अंक पूर्ण आहेत का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्यावं.