ओंबी करप्याचा अंदाज सांगणारा अमेरिकी नकाशा : हिरव्या रंगावर किती विसंबावं?

गव्हाच्या ओंबीवरचा फ्युजेरियम करपा डोळ्यांना दिसेपर्यंत फवारणीची वेळ निघून गेलेली असते. ओंबी अर्धी हिरवी, अर्धी पांढरी पडते आणि तुसांच्या बुडाशी गुलाबी-नारिंगी बुरशी धरते. तोवर संसर्ग होऊन दहा-पंधरा दिवस उलटलेले असतात. म्हणून औषध मारायचं ते रोग दिसण्याआधी, फुलोरा सुरू झाल्यापासूनच्या पाच-सहा दिवसांत. ते मारायचं की नाही हे ठरवायला अमेरिकेत ‘फ्युजेरियम रिस्क टूल’ नावाची सेवा इंटरनेटवर फुकट मिळते. पेन स्टेट, कॅन्सस स्टेट आणि ओहायो स्टेट या विद्यापीठांच्या रोगशास्त्रज्ञांनी ती उभी केली. 1990 च्या दशकात उत्तर अमेरिकेतल्या रेड रिव्हर नदीच्या खोऱ्यात या रोगाने गहू-बार्लीचं अतोनात नुकसान केलं. त्यानंतर सुरू झालेल्या राष्ट्रीय स्कॅब उपक्रमाचा (स्कॅब हे याच रोगाचं दुसरं नाव) पैसा या कामामागे आहे.

वापर सोपा आहे. हिवाळी गहू की वसंती, वाण रोगाला किती बळी पडतो आणि तारीख कोणती, एवढं निवडलं की नकाशा रंगतो. हिरवा म्हणजे कमी धोका, पिवळा मध्यम, लाल जास्त. हिशोबाचा मुख्य आधार फुलोऱ्याआधीच्या साधारण दोन आठवड्यांतली हवेची आर्द्रता. कारण सरळ आहे. बुरशी मक्याच्या आणि गव्हाच्या जुन्या धसकटांवर तग धरते, दमट आणि उबदार हवेत तिथेच बीजाणू पिकतात, वाऱ्या-पावसाबरोबर ओंबीवर येतात आणि उघड्या परागकोशांवाटे आत शिरतात. पंधरा ते तीस अंश तापमान आणि ओलावा सलग टिकला की तिचं फावतं.

आजची तारीख टाकून रंग बघितला आणि मोकळे झाले, ही सर्वांत मोठी चूक. तारीख आपल्या शेतातल्या फुलोऱ्याची हवी. ती कळायला बांधावरून नजर टाकून भागत नाही. शेतात चार-पाच ठिकाणी मुख्य ताटं बघावीत, फुटवे धरू नयेत. गव्हाचे पिवळे परागकोश ओंबीच्या मध्यावर आधी बाहेर येतात, मग वर-खाली पसरतात. निम्म्या मुख्य ताटांवर ते दिसले की फवारणीचा दिवस आला. बार्लीचं गणित वेगळं : तिची फुलं बहुधा पोटरीतच उमलतात, त्यामुळे परागकोशांची वाट बघत बसलं तर उशीर होतो. बार्लीत ओंबी पूर्ण बाहेर आली की फवारावं.

वाणाची निवड प्रामाणिकपणे करावी. मध्यम प्रतिकारक हा पर्याय निवडला की नकाशा लगेच निवळतो, पण शेतात तसा वाण नसेल तर तो हिरवा रंग खोटा. या रोगाला अजिबात दाद न देणारा गहू अजून नाही. चीनच्या ‘सुमाई 3’ वाणातून आलेलं एफएचबी1 हे जनुक असलं, तरी रोग ओंबीत पसरायचा वेग मंदावतो, एवढंच.

या सेवेच्या मर्यादाही आहेत. तिला तुमच्या शेतातली धसकटं दिसत नाहीत. मक्यावर बिनानांगरणीचा गहू घेतला असेल तर पिवळा रंग लालच धरावा. फिरत्या सिंचनाखालचं पीक फुलोऱ्यात भिजत असेल, तर हवामान केंद्राच्या कोरड्या आकड्यांना अर्थ राहत नाही. आणि फुलोऱ्यानंतर पाऊस लागून राहिला, तर हिरव्या शेतातही दाणा खराब होतो. म्हणून पुढच्या काही दिवसांचा अंदाज आणि नकाशासोबत येणारी त्या-त्या राज्यातल्या तज्ज्ञाची टिपणी, दोन्ही वाचावं. आमच्या मते ती टिपणी हाच या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे. जवळच्या भागात फुलोरा कुठवर आला, पाऊस कसा झाला, हे त्यात माणसाने लिहिलेलं असतं.

लाल रंग आला म्हणून हाताशी असेल ते औषध मारू नये. मेटकोनॅझोल, प्रोथायोकोनॅझोल अधिक टेब्युकोनॅझोल, किंवा पिडिफ्लुमेटोफेन अधिक प्रोपिकोनॅझोल ही या रोगावरची भरवशाची औषधं. स्ट्रॉबिल्युरिन गटातलं औषध ओंबी निसवताना किंवा नंतर मारलं तर दाण्यातलं डॉन हे या बुरशीचं विष वाढू शकतं, पानं मात्र छान हिरवी दिसतात आणि माणूस फसतो. पाणी एकरी 40 ते 75 लिटर, थेंब मध्यम जाडीचे. ओंबी उभी असते, त्यामुळे खाली सरळ मारणाऱ्या नोझलने औषध पानांवर जातं. पुढे आणि मागे तिरपे मारणारे जोडनोझल लावले तर ओंबी दोन्ही बाजूंनी भिजते. फवारणी ते काढणी किती दिवस सोडायचे ते लेबलवर बघावं. सगळं वेळेवर जमलं तरी डॉन साधारण निम्म्यावर येतं, शून्यावर नाही. अमेरिकेत माणसांच्या खाण्यातल्या तयार गव्हाच्या पदार्थांसाठी 1 पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) डॉन ही सल्लादर्शक मर्यादा आहे. त्यामुळे रोगट शेत कापताना हार्वेस्टरचा पंखा वाढवून सुरकुतलेले, खडूसारखे पांढरे हलके दाणे उडवून लावणं गरजेचं राहतंच.

महाराष्ट्रातल्या गव्हाला हा नकाशा लागू नाही. आपला रब्बी गहू बहुतेक ठिकाणी कोरड्या हवेत फुलतो, आणि या सेवेत भारत नाहीच. पण पद्धत शिकण्यासारखी आहे. द्राक्षबागायतदारांना हवामानावरून डाउनी-भुरीचा अंदाज घ्यायची सवय आहे. तशी सोय खरीप ज्वारीला हवी. दाणा भरताना पाऊस लागला की फ्युजेरियम, कर्व्ह्युलारिया अशा बुरशींनी कणसं काळी पडतात आणि भाव पडतो. तिथे फुलोऱ्याआधीच्या नव्हे, फुलोरा ते पक्वता या काळातल्या ओलाव्यावर हिशोब बसवावा लागेल.

अमेरिकेतल्या गव्हाच्या पट्ट्यात कृषी सल्ल्याचं काम करणाऱ्या मराठी मंडळींनी ही सेवा जरूर वापरावी. ओंबी निसवायच्या दोन आठवडे आधीपासून रोज एकदा बघावी आणि दर वेळी एकाच वाणाचा पर्याय लावावा, म्हणजे धोका चढतोय की उतरतोय ते कळतं.