गच्चीवरचा ३ किलोवॅटचा सौरसंच: तीन ऋतूंनंतर बिलाचा आणि कार्बनचा हिशेब

नाशिकरोड परिसरातील आमच्या दुमजली घराच्या गच्चीवर गेल्या दिवाळीनंतर ३ किलोवॅट क्षमतेचा सौरसंच बसवला. हिवाळा, उन्हाळा आणि आता सरत आलेला पावसाळा असे तिन्ही ऋतू त्यावरून गेल्यामुळे त्याविषयी काही ठामपणे लिहिता येईल, असे वाटते. संच घेण्यामागे दोन हेतू होते: विजेचे बिल कमी करणे आणि घराच्या वीजवापरामुळे होणारे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन कमी करणे. बिलाविषयीचे अनुभव पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतात. दुसरा हिशेब मात्र फारसा कोणी मांडत नाही, आणि हे दोन हिशेब एकमेकांशी जुळतातच असे नाही.

खर्चाचे थोडक्यात सांगतो. संच, उंच लोखंडी सांगाडा आणि जोडणी धरून दोन लाखांच्या आसपास रक्कम लागली. त्यातून प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचे अनुदान वजा झाले. पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये असे ते एकूण ७८,००० रुपये होते, आणि संच याहून मोठा घेतला तरी ते वाढत नाही. पॅनेल बसवण्याचे काम चटकन उरकले, पण बाहेर दिलेली आणि बाहेरून घेतलेली वीज मोजणारा नेट मीटर लागेपर्यंत बराच काळ पॅनेल नुसतेच उन्हात पडून होते. पाठपुरावा ग्राहकानेच करावा, अशी बसवून देणाऱ्यांची अपेक्षा दिसली. तेव्हा ही जबाबदारी कोणाची, हे करारात आधीच लिहून घ्यावे.

वीजनिर्मिती ऋतूप्रमाणे किती बदलते याची कल्पना कागदावरच्या सरासरीतून येत नाही. डिसेंबरच्या निरभ्र दिवसांत ११-१२ युनिट, मार्च-एप्रिलमध्ये १३-१४ आणि जुलैच्या झडीत कशीबशी ५-६ युनिट वीज मिळाली. मे महिन्यात ऊन सर्वांत कडक असूनही निर्मिती एप्रिलच्या पुढे गेली नाही. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती साधारण ०.३५ टक्क्याने घटते. भर दुपारी पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापले की १२ ते १४ टक्के वीज तिथेच कमी होते. सांगाडा उंच घेतल्याने खालून वारा खेळतो आणि ही घट थोडी आटोक्यात राहते. मात्र त्याच सांगाड्याच्या सावलीमुळे आमच्या घरातील कुरडया-पापडांचे वाळवण यंदा शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेले, हेही नोंदवले पाहिजे. पॅनेल धुताना बोअरचे जड पाणी वापरू नये. काचेवर क्षारांचे पांढरे डाग बसतात आणि ते सहजी निघत नाहीत.

लख्ख उन्हात महावितरणची वीज गेली की आपला संचही बंद पडतो, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. ही त्रुटी नव्हे. बाहेर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला आपल्या छपरावरून गेलेल्या विजेने धोका होऊ नये, म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर आपण होऊन थांबतो. बॅटरीसह संच घेतला तर हा प्रश्न सुटतो, पण खर्च बराच वाढतो, आणि आमच्याकडील भारनियमन पाहता मला तो योग्य वाटला नाही.

आता कार्बनचा हिशेब. आजवरच्या निर्मितीवरून वर्षाला ४,००० युनिटांच्या आसपास वीज मिळेल असे दिसते. देशाच्या ग्रिडमधील, म्हणजे वीजकेंद्रे आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या जाळ्यातील, एका युनिटामागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण आपली सुमारे तीन-चतुर्थांश वीज अजूनही कोळशापासूनच तयार होते. त्या मापाने हा संच वर्षाला पावणेतीन-तीन टन उत्सर्जन वाचवतो. पॅनेल तयार करण्यासाठी खर्च झालेली ऊर्जा आपल्याकडच्या उन्हात वर्ष-दीड वर्षात भरून निघते आणि पॅनेलच्या कामगिरीची हमी २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर मात्र मध्ये एकदा तरी बदलावा लागेल.

आकडा समाधानकारक आहे, पण तो सरासरीचा आहे. आमचे बिल आता स्थिर आकार आणि किरकोळ रकमांपुरते उरले आहे, म्हणून आमचे घर कार्बनमुक्त झाले असे कोणी म्हटले तर मी ते मान्य करणार नाही. नेट मीटर दुपारी बाहेर दिलेले युनिट आणि रात्री घेतलेले युनिट यांची सरळ वजाबाकी करतो. ग्रिडच्या दृष्टीने ही दोन युनिटे सारखी नाहीत. सूर्य मावळल्यावर घरोघरी दिवे, पंखे, एसी एकदम सुरू होतात आणि तो भार मुख्यतः चंद्रपूर, कोराडी, भुसावळ, परळी आणि आमच्याच शेजारच्या एकलहरे येथील औष्णिक केंद्रांवर पडतो. कोयनेची १,९६० मेगावॅटची जलविद्युत केंद्रे अशा वेळी उपयोगी पडतात खरी, पण पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने घातलेली ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) वार्षिक मर्यादा असल्याने तीही हवी तितकी चालवता येत नाहीत. कोळशाचा संच सकाळी विझवून संध्याकाळी पेटवणे व्यवहार्य नसते. संध्याकाळी लागणार म्हणून तो दुपारीही कमी भारावर चालू ठेवतात, आणि कमी भारावर त्याला प्रत्येक युनिटामागे अधिक कोळसा लागतो. म्हणजे संध्याकाळची मागणी कमी केली, तर दुपारचा कोळसाही वाचू शकतो.

हे लक्षात आल्यावर घरातील वेळापत्रक बदलले. पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन आणि इस्त्री आता सकाळी दहा ते दुपारी चार यांच्या मध्येच चालतात. बिलात याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही, कारण वजाबाकी तशीही होतच होती.

इंडक्शन शेगडीच्या बाबतीत तर हिशेब उलटाच निघाला. घरगुती सिलिंडरमधील १४.२ किलो गॅस जळून सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशेच्या आसपास युनिट लागतात आणि ग्रिडच्या सरासरीने त्यांचे उत्सर्जन ८५ ते ९० किलोंपर्यंत जाते. गॅस काढण्याचा, शुद्ध करण्याचा आणि वाहून आणण्याचा वाटा धरला तरी आजच्या घडीला रात्रीची भाजी-आमटी इंडक्शनवर करणे हे पर्यावरणाच्या दृष्टीने तोट्याचेच आहे. दुपारचा स्वयंपाक आम्ही इंडक्शनवर करतो. त्यातही काटेकोर बोलायचे तर ते युनिट ग्रिडला दिले असते, तर दुसरीकडे कुठेतरी कोळसा वाचलाच असता. ग्रिड जसजसे स्वच्छ होईल, तसा हा हिशेब पालटेल, पण शेगडी विकणाऱ्यांनी आजच ती हरित म्हणून खपवू नये.

संध्याकाळचा भार सर्वांत स्वस्तात कमी केला तो पंख्यांनी. जुना पंखा ७५ वॅट घेत होता, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा) पंखा पूर्ण वेगाला २८ ते ३० वॅट घेतो, आणि पंखे चालतात ते प्रामुख्याने रात्री. ज्यांच्यापाशी पैसे मोजकेच आहेत, त्यांनी आधी पंखे बदलावेत, गिझर असेल तर सौर बंब घ्यावा आणि मगच पॅनेलचा विचार करावा.

बिलाच्या बाजूने एकच इशारा. शिल्लक युनिटांचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि उरलेली युनिटे घरगुती दरापेक्षा पुष्कळ कमी दराने विकत घेतली जातात. हिवाळ्यात साठवलेली शिल्लक अशा रीतीने नेमकी एसी-कूलर सुरू होण्याच्या तोंडावर संपते. म्हणून वापर बेताचा असेल तर अनुदानाच्या मोहाने ३ किलोवॅट घेऊ नये. महिना दीड-दोनशे युनिट वापरणाऱ्या घराला २ किलोवॅट पुरतात. फ्लॅटधारकांसाठी याच योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराकरिता, म्हणजे लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पाण्याचे पंप दुपारी चालवता येत असल्याने तिथे तयार झालेली बरीच वीज त्याच वेळी जागेवर वापरली जाऊ शकते, आणि कार्बनच्या हिशेबाने तो संच माझ्या संचापेक्षा सरस ठरण्याची शक्यता आहे.