नळी रेषेपर्यंत भरणारी लॅब

ह्यांच्या हृदयात धातूची झडप आहे. रोज वॉरफरिन, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी, आणि महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी. आधीच्या लॅबवाल्याने निळ्या झाकणाची नळी अर्धीच भरली आणि आकडा आला ४.८! माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी डोस बदलण्याआधी दुसरीकडे तपासायला लावलं, तर २.७. त्या नळीत सायट्रेट असतं, ते कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही. ९ भाग रक्ताला १ भाग. रक्त कमी पडलं की आकडा फुगतो.

या लॅबमधल्या ताई रेषेपर्यंत नळी भरतात, हलकेच उलटसुलट करतात. वर विचारतात, "काका, या आठवड्यात पालक-मेथी जास्त झाली का?" के जीवनसत्त्व वाढलं की गोळीचा असर उतरतो ना. रिपोर्ट दुपारी दोनच्या आत. घरी यायचे ५० रुपये जास्त पडतात, मी आनंदाने देते.