शनिवार रात्री कोणता बँड: हुसाविकचा की हॉरेस ग्रीनचा?

गाण्याची स्पर्धा, हसवणारा सिनेमा, आणि स्पर्धेत उतरणाऱ्यांवर कुणाचाच भरवसा नाही. एवढंच हवं असेल तर माझ्या डोळ्यांसमोर दोन नावं येतात. एक ‘युरोव्हिजन साँग कॉन्टेस्ट: द स्टोरी ऑफ फायर सागा’ (2020), दुसरं ‘स्कूल ऑफ रॉक’ (2003). दोन्ही मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलेत. एकच संध्याकाळ हातात असेल तर कोणता लावायचा, हे सोबत कोण बसलंय यावर ठरतं. करंडक कुणाला मिळतो ते मी सांगणार नाही.

आधी ‘फायर सागा’, कारण त्याला थोडी पार्श्वभूमी लागते. युरोव्हिजन ही 1956पासून चालत आलेली खरी स्पर्धा. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो, परीक्षक आणि फोनवरून मत देणारे प्रेक्षक गुण देतात, आणि स्वतःच्या देशाला मत देता येत नाही. प्रत्येक देशाचे परीक्षक आणि प्रेक्षक आपापल्या सर्वांत आवडत्या गाण्याला 12 गुण देतात. जिंकणाऱ्या देशाने पुढच्या वर्षी यजमानपद घ्यायचं, अशी रीत. सिनेमातला एक मोठा विनोद याच रीतीवर उभा आहे: आइसलँड जिंकलं तर एवढा खर्च करायचा कुठून, म्हणून तिथल्या एका अधिकाऱ्याला आपला देश हरायलाच हवा असतो. ही भीती अगदी हवेतली नाही. आयर्लंड 1992, 1993 आणि 1994 असं सलग तीनदा जिंकलं आणि त्याला सलग तीन वर्षं मांडव घालावा लागला. आइसलँड मात्र आजवर एकदाही जिंकलेलं नाही. 1999 आणि 2009मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं.

विल फेरेलचा लार्स आणि रेचल मॅकअ‍ॅडम्सची सिग्रिट यांची ‘फायर सागा’ ही जोडी उत्तर आइसलँडमधल्या हुसाविकची. मासेमारीचं, देवमासे बघायला लोक येतात ते छोटंसं बंदर. लार्सने लहानपणी, 1974मध्ये, टीव्हीवर ‘आबा’ या स्वीडिश बँडला युरोव्हिजन जिंकताना पाहिलं आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचलेलं नाही. गावाला मात्र त्यांच्याकडून एकच गाणं हवंय, ‘या या डिंग डाँग’. दारूच्या गुत्त्यातला तो माणूस ज्या हट्टाने त्याची फर्माईश करतो, ते पाहून ऑर्केस्ट्रात गायलेल्या कुणालाही आपले श्रोते आठवतील.

विनोद सगळे जमलेत असं नाही. मधला भाग लांबतो. दोन तासांहून थोड्या मोठ्या सिनेमातली वीस मिनिटं सहज काढता आली असती. पन्नाशी ओलांडलेल्या फेरेलच्या बापाच्या भूमिकेत पिअर्स ब्रॉस्नन आहे, वयाने त्याच्याहून जेमतेम चौदा वर्षांनी मोठा. ते मानून घ्यावं लागतं, आणि ब्रॉस्ननचा तो रुक्ष, लाजलेला बाप पाहताना मानून घेतलं जातंही. डॅन स्टीव्हन्सचा रशियन गायक लेमटोव्ह आधी नुसता भपकेबाज वाटतो. मग लक्षात येतं की आपण कोण आहोत हे त्याला त्याच्या देशात उघड बोलता येत नाही, आणि तिथे हा हलकाफुलका सिनेमा क्षणभर खोल जातो.

पण हा सिनेमा मी सुचवते तो शेवटच्या गाण्यासाठी. सिग्रिट सतत ‘स्पिऑर्ग नोट’बद्दल बोलत असते, म्हणजे मनापासून गायलं तरच लागणारा सूर. शब्द सिनेमाने बनवलेला आहे, पण आपल्याला तो समजावून सांगावा लागत नाही. ‘आज सूर लागला’ असं आपण म्हणतो तेव्हा स्वरज्ञानापलीकडचं जे काही म्हणायचं असतं, तेच हे. ‘हुसाविक’ हे गाणं सिग्रिटच्या गावावर आहे: तिथले डोंगर, समुद्रपक्षी, देवमासे. आवाज मुख्यतः स्वीडिश गायिका मॉली सांडेनचा. 2021च्या ऑस्करसाठी त्याला नामांकन मिळालं, आणि समारंभासाठी ते खुद्द हुसाविकच्या बंदरावर, तिथल्या लहान मुलींच्या समूहासोबत चित्रित केलं गेलं. गाव सोडून दूर राहणाऱ्या माणसाने हे गाणं एकट्याने ऐकू नये, असं मला खरंच वाटतं.

आता ‘स्कूल ऑफ रॉक’. हा आखीव आहे, वेगवान आहे, आणि पावणेदोन तासांच्या थोडा पुढे जाऊन संपतो. रिचर्ड लिंकलेटरचं दिग्दर्शन, माइक व्हाइटचं लेखन. बँडमधून हाकललेला ड्युई फिन (जॅक ब्लॅक) मित्राचं नाव लावून हॉरेस ग्रीन या श्रीमंत खासगी शाळेत बदली शिक्षक म्हणून घुसतो आणि पाचवीच्या वर्गाचा बँड करून त्यांना ‘बॅटल ऑफ द बँड्स’मध्ये उतरवायचं ठरवतो. माणूस खोटारडा आहे, आणि मुलांना वापरूनच सुरुवात करतो. पालक म्हणून हे खटकलं तर ते योग्यच आहे.

तरीही यातला वर्ग मला आजवर पाहिलेल्या सिनेमांतला सर्वांत खरा वाटतो. कारण वाद्यं वाजवणारी मुलं खरोखर वाजवतात. निवड करतानाच वाजवता येणारी मुलं घेतली होती. चेलो वाजवणाऱ्या मुलीच्या हातात ड्युई बास गिटार देतो, पियानोवाल्या गुणी पण बुजऱ्या लॉरेन्सला कीबोर्डवर बसवतो, आणि गाण्याची भीती वाटणाऱ्या टोमिकाला गायला लावतो. ही पंधरा-वीस मिनिटं मी परत परत बघते. कुणाला काय येतं हे ओळखून त्याला जागा देणं, हे ड्युईला जमतं. माझ्या भाच्याने हा पाहिल्यावर तबल्याच्या क्लासला जायची कटकट थांबवली नाही, पण घरी डब्यांवर ठेका धरायला लागला, तोही न सांगता. मुख्याध्यापिका झालेली जोन क्युसॅक हा आणखी एक ठेवा. कडक बाईच्या आतला एकटेपणा ती एका छोट्या प्रसंगात दाखवते.

तर मग? घरात आठ-बारा वर्षांची मुलं असतील तर डोळे मिटून ‘स्कूल ऑफ रॉक’ लावा. ‘फायर सागा’त दुहेरी अर्थाचे विनोद आहेत, होडीचा स्फोट आहे, जळक्या भुताचा प्रसंग आहे, लहानांसोबत दोन-तीनदा रिमोट शोधावा लागेल. मोठी माणसंच असतील, त्यातून कुणी परदेशात किंवा परगावी राहून आलं असेल, तर ‘फायर सागा’. युरोव्हिजनची आधीपासून आवड असलेल्यांना त्यात एक खास मेजवानीही आहे: एका पार्टीतल्या गाण्यात अलेक्झांडर रिबाक, कोंचिता वुर्स्ट, नेटा असे खरे विजेते येऊन गाऊन जातात. फक्त हसायचं असेल तर मात्र माझं मत पुन्हा हॉरेस ग्रीनला. त्यात हशा अधिक आणि सलग आहे.

दोन संध्याकाळी मिळाल्या तर क्रम असा ठेवा. पहिल्या दिवशी ‘स्कूल ऑफ रॉक’. त्यात गाडीत सगळे मिळून लेड झेपेलिनच्या ‘इमिग्रंट साँग’वर डोलतात. हा बँड आपली गाणी सिनेमाला सहसा देत नसे, म्हणून जॅक ब्लॅकने मंचावरून, मागे जमलेल्या गर्दीसह, विनवणीचं चित्रीकरण करून पाठवलं आणि परवानगी मिळाली. ते गाणं सुचलं 1970च्या आइसलँड दौऱ्यावरून. दुसऱ्या दिवशी त्याच आइसलँडमध्ये, हुसाविकला जा. शेवटच्या गाण्याला सबटायटल्स चालू ठेवा, कारण सिग्रिट मध्येच स्वतःच्या भाषेत गायला लागते.